सत्तर टक्के कुणाचे?

पत्र

काकू, मी सांगलीत महिला बचत गटांच्या एका संघात कंत्राटावर काम करते. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालंय. आमच्या गटांची भाजणी, मेतकूट, कारळ्याची चटणी, सांडगे असा माल प्रदर्शनांत आणि किराणा दुकानांत विकला जातो. दिवाळीआधी आम्ही ६०० जणांचा सर्व्हे केला. ३६० फॉर्म प्रदर्शनातल्या आमच्या स्टॉलवर भरले, २४० दुकानांबाहेर. सगळा डेटा मी एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला. महिन्यातून एकदा तरी आमचा माल घेणाऱ्यांना 'नियमित ग्राहक' म्हटलं, ते २०० निघाले. त्यांत ७० टक्के बायका. वयाप्रमाणे पाहिलं तर या २०० पैकी ३६ टक्के लोक २५ ते ३५ वयाचे, हा सगळ्यात मोठा गट. पन्नाशीपुढचे २५ टक्के. सरांनी लगेच ठरवून टाकलं, 'आपला टार्गेट ग्रुप म्हणजे २५ ते ३५ वयाच्या बायका.' आता पाकिटं बदलायची, इन्स्टाग्रामवर जाहिरात करायची, असं चाललंय. त्यात त्यांनी क्लस्टर ॲनालिसिसचा, म्हणजे सारख्या माणसांचे गट पाडायच्या पद्धतीचा, एक व्हिडिओ पाहिला. म्हणाले, 'सॉफ्टवेअर गट काढून देतं, तू फक्त बटण दाब.' दाबलं. चार गट आले. दुसऱ्या दिवशी फाईल वयाप्रमाणे सॉर्ट करून तेच बटण पुन्हा दाबलं, तर चार वेगळेच गट आले! खरे कोणते? एसपीएसएसची मुदतही पुढच्या महिन्यात संपतेय. पूर्ण तक्ता सोबत जोडलाय.

— टक्केवारीत हरवलेली

उत्तर

काकू म्हणालीस, म्हणून सरळ 'तू' म्हणते. ते आठ गट आत्ता बाजूला ठेव, त्यांच्याकडे नंतर वळू. आधी ते ७० टक्के बघू.

तुझ्या तक्त्यात सगळ्यात खाली एक ओळ आहे आणि तिच्याकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. एकूण ६०० पैकी ४२० बायका. म्हणजे तुम्ही ज्यांना विचारलं त्यांच्यातच ७० टक्के बायका होत्या, आणि नियमित ग्राहकांतही ७० टक्केच निघाल्या. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं. बाई असण्याचा आणि तुमची भाजणी नियमित घेण्याचा काही संबंध आहे, असं हा आकडा अजिबात सांगत नाही. पुरुषांपैकीही तेवढेच, तिघांत एक, नियमित घेतात. हवं तर मोजून बघ, १८० पैकी ६०.

एखाद्या गटाचं प्रोफाइल काढायचं म्हणजे तो गट बाकीच्यांहून कुठे निराळा आहे ते शोधायचं. गटाची नुसती टक्केवारी लिहून काढली, तर ते बहुतेक वेळा तुमच्या सर्व्हेचंच वर्णन होतं. मी तीस वर्षं हेच काम केलं. मोठमोठ्या सादरीकरणांत, एसीच्या गारव्यात बसून, शहाण्यासुरत्या माणसांनी हीच चूक केलेली पाहिली आहे. तेव्हा तुमच्या सरांवर रागावू नकोस.

आता वयाची ओळ घे. पूर्ण ६०० मध्ये २५ ते ३५ वयाचे २४०, म्हणजे ४० टक्के. नियमित ग्राहकांत ते ३६ टक्के. ३६ ला ४० ने भाग आणि १०० ने गुण, ९० येतात. आमच्या मार्केट रिसर्चच्या धंद्यात याला इंडेक्स म्हणतात. शंभर म्हणजे सगळ्यांसारखेच. शंभराच्या खाली म्हणजे हा गट नियमित ग्राहकांत उलट कमीच दिसतो. पन्नाशीपुढचे एकूण ९०, म्हणजे १५ टक्के. नियमित ग्राहकांत मात्र २०० पैकी ५०, म्हणजे २५ टक्के. इंडेक्स १६७! एसपीएसएस हा आकडा आपणहून देत नाही, तक्ता एक्सेलमध्ये नेऊन भागाकार करावा लागतो. मी स्वतः १२० च्या वर किंवा ८० च्या खाली काही दिसलं की चष्मा लावते. हा काही नियम नव्हे, हाताला लागलेली सवय आहे.

क्रॉसटॅबमध्ये, म्हणजे दोन गोष्टींचा आडवा-उभा तक्ता काढतात तिथे, 'सेल्स' उघडलंस की रो (आडवी ओळ), कॉलम (उभा रकाना) असे टक्क्यांचे वेगवेगळे चौकोन असतात. बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. सरांचे ३६ टक्के ज्या प्रश्नाचं उत्तर आहेत तो प्रश्न असा: नियमित ग्राहकांत २५ ते ३५ चे किती? त्यांना खरं विचारायचंय ते वेगळं: २५ ते ३५ वाल्यांत नियमित किती? याचं उत्तर २४० पैकी ७२, म्हणजे ३० टक्के. आणि पन्नाशीपुढच्यांत ९० पैकी ५०, म्हणजे जवळजवळ ५६ टक्के. एकूण सरासरी ३३. गंमत अशी की ३० ला ३३.३ ने भागलंस तरी इंडेक्स ९० च येतो आणि ५५.६ ला भागलंस तरी १६७ च. दोन्ही वाटांनी एकच गाव यायला हवं. नाही आलं, तर कुठेतरी पाया, म्हणजे ज्या एकूण संख्येवर टक्के काढले ती, चुकलाय. मला तपासणीची ही युक्ती तक्ते बनवणाऱ्या एका वयस्कर टॅब्युलेटर बाईंनी शिकवली. त्यांच्याकडे कॅल्क्युलेटर असायचा, पण त्या तोंडीच करायच्या.

आता हे योगायोगाने आलंय का, ते बघायचं. त्यासाठी काय-स्क्वेअर नावाची चाचणी सगळेच काढतात, पण तो 'तक्त्यात कुठेतरी काहीतरी आहे' एवढंच सांगतो, कुठे ते सांगत नाही. त्याच 'सेल्स'च्या खिडकीत 'ॲडजस्टेड स्टँडर्डाइज्ड' नावाचा एक चौकोन असतो, तिथे टिक कर. तक्त्यातलं प्रत्येक घर अपेक्षेपासून किती दूर आहे, ते तो सांगतो. उत्तर दोनच्या वर किंवा उणे दोनच्या खाली गेलं, तर त्या घरात लक्ष घालायचं. मी तुझ्या आकड्यांवरून काढून पाहिलं. पन्नाशीपुढच्यांच्या घरात ४.९ येतात, २५ ते ३५ च्या घरात उणे १.४. म्हणजे सरांचा लाडका गट वेगळा नाहीच. चांगलाही नाही, वाईटही नाही, सगळ्यांसारखाच आहे.

इथे तुला वाटेल की झालं, जिंकले, आता सरांकडे जाऊन सांगते की टार्गेट ग्रुप पन्नाशीपुढचा आहे. थांब जरा.

तुझ्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात बुध नावाचं गाव आहे. पां. वा. सुखात्मे तिथले. १९११ चा जन्म. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, पण त्याआधी त्यांनी आपल्याकडे पीककापणीच्या पाहणीवर मोठं काम केलं. कल्पना साधी. पीक किती येणार याचा अंदाज घ्यायचा, तर वावरातला कुठला तुकडा कापायचा हे कुणाच्या मर्जीवर सोडायचं नाही, यादृच्छिक आकड्यांवरून ठरवायचं. कारण माणसाला निवडायला सांगितलं की त्याचे पाय आपोआप जिथे कणसं भरलेली दिसतात तिकडे वळतात. तुमचे ३६० फॉर्म तुमच्याच स्टॉलवर भरलेत, पोरी. भरलेल्या कणसांपाशीच उभं राहून तुम्ही विळा चालवलात.

मी तुझा डेटा जागेप्रमाणे फोडून पाहिला. स्टॉलवरच्या ३६० पैकी १६० नियमित ग्राहक, म्हणजे ४४ टक्के. दुकानांबाहेरच्या २४० पैकी ४०, म्हणजे १७ टक्के. साहजिकच आहे, ज्याला माल आवडतो तोच स्टॉलवर येतो. आता हे बघ, पन्नाशीपुढच्या ९० जणांपैकी ७५ तुम्हाला स्टॉलवर भेटले. दुकानाबाहेर फक्त १५. मग वय बोलतंय की जागा बोलतेय? हे पाहायला क्रॉसटॅबच्या खिडकीत खाली 'लेअर'चा डबा असतो, त्यात फॉर्म भरल्याची जागा टाक. सिलेक्ट केसेस वापरू नकोस. त्यात फिल्टर लावायच्या ऐवजी चुकून 'डिलीट' निवडलं आणि सवयीने सेव्ह केलं, की निम्मे फॉर्म गेले. माझ्यासमोर एका मुलाने असे चारशे फॉर्म घालवलेत, आणि कागदी गठ्ठे तोवर रद्दीत गेले होते.

लेअर टाकल्यावर असं दिसतं. स्टॉलवर पन्नाशीपुढच्या ७५ पैकी ४६ नियमित, म्हणजे ६१ टक्के. बाकीच्या २८५ पैकी ११४, म्हणजे ४० टक्के. फरक आधी २६ टक्क्यांचा दिसत होता, तो आता २१ वर आला. घटला, पण टिकला. दुकानांबाहेर पन्नाशीपुढचे १५ पैकी ४ आणि बाकीचे २२५ पैकी ३६. इथे टक्के काढूच नकोस. पंधरा माणसांत एकाने उत्तर बदललं की टक्केवारी सात घरं सरकते. पायात तीसच्या खाली माणसं असली की नुसते आकडे लिहायचे, आणि पन्नासच्या खाली असली तर बाजूला फुली मारायची, असा आमच्याकडे दंडक होता.

म्हणून तुला प्रामाणिकपणे म्हणता येईल ते एवढंच: प्रदर्शनाला येणाऱ्यांत पन्नाशीपुढची माणसं आपला माल जास्त नियमित घेतात. दुकानात काय होतं ते या सर्व्हेतून कळत नाही. हे वाक्य पोस्टरवर शोभणार नाही, मला ठाऊक आहे.

सरांची बाजूही थोडी मांडते. मोजून डोकी पाहिली तर २५ ते ३५ चे ७२ ग्राहक आहेत आणि पन्नाशीपुढचे ५०. पुढच्या प्रदर्शनाला किती पाकिटं न्यायची हा प्रश्न असेल, तर ७२ हा आकडा महत्त्वाचा. जाहिरातीचा पुढचा रुपया कुठे टाकायचा हा प्रश्न असेल, तर इंडेक्स बघायचा. एकच तक्ता दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं देतो, आणि भांडणं बहुतेक प्रश्न न ठरवल्यामुळे होतात.

तुझ्या प्रश्नावलीत मला एक गोष्ट खटकली. तुम्ही वय आणि लिंग विचारलंत ते फॉर्म भरणाऱ्याचं. पण भाजणी कुणी मागवली? आपल्याकडे पिशवी धरणारा एक आणि यादी करणारी दुसरी. स्टॉलवर उभ्या राहिलेल्या तिशीतल्या पोराला विचारलंस तर तो म्हणेल, आईने सांगितलंय. तुझ्या फाईलीत तो तिशीतला पुरुष ग्राहक म्हणून बसला. पुढच्या वेळी एक प्रश्न वाढव: 'हा माल घ्यायचं घरात कुणी ठरवलं?' आणि त्या व्यक्तीचं वय विचार. कदाचित त्या ७२ जणांतल्या काहींच्या मागे पन्नाशीपुढचीच एखादी बाई निघेल. हा माझा अंदाज आहे, पण माझी पैज लागली तर मी तिथेच लावीन.

'का घेता?' या प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं टिक करू दिली आहेस, आणि टक्क्यांची बेरीज १९० झाली म्हणून घाबरली आहेस. घाबरू नकोस. मल्टिपल रिस्पॉन्समध्ये टक्के माणसांवर काढले की बेरीज शंभराच्या वर जाणारच. उत्तरांवर काढले की शंभर होते, पण त्याचा अर्थ सांगता सांगता जीव जातो. माणसांवरच ठेव.

उत्पन्नाचा प्रश्न मात्र काढून टाक. लोक खरं सांगत नाहीत, आणि का सांगावं? भारतातल्या मार्केट रिसर्चमध्ये २०११ पासून घराची आर्थिक श्रेणी दोनच गोष्टींवरून काढायची पद्धत रूढ झाली: मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत. त्यावरून ए१ पासून ई३ पर्यंत बारा श्रेणी. फ्रिज आहे का, दुचाकी आहे का, हे विचारलं तर कुणाला राग येत नाही. हल्ली याहून नवी पद्धतही आली आहे. तीत घरातल्या सगळ्यात जास्त शिकलेल्या बाईचं शिक्षणही धरतात, आणि तुमच्या मालाला ते जास्त लागू पडेल असं मला वाटतं.

आणि ९९. तुझ्या वयाच्या रकान्यात सात जण ९९ वर्षांचे आहेत. 'सांगितलं नाही' यासाठी हा कोड टाकला असशील. व्हेरिएबल व्ह्यूमध्ये 'मिसिंग'च्या रकान्यात तो नोंदवला नाहीस, तर एसपीएसएसच्या लेखी ते खरोखरचे ९९ वर्षांचे आजोबा. नशिबाने तुझ्या वयोगटाच्या तक्त्यात ते आलेले नाहीत, पण सरासरीत आणि क्लस्टरमध्ये आले असणार. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका चहाच्या सर्व्हेत 'दिवसाला किती कप' या रकान्यातले ९९ तसेच ठेवले होते. सर्व्हे करवून घेणाऱ्याने सरासरी पाहिली आणि फक्त विचारलं, 'ही माणसं झोपतात केव्हा?' तीस वर्षं झाली, अजून आठवलं की कानशिलं तापतात.

आता ते क्लस्टर. तुझे पहिले चार खरे की दुसरे चार? कोणतेच नाहीत. तू दाबलेल्या बटणामागची के-मीन्स पद्धत सुरुवातीला काही माणसांना मध्यभागी धरते आणि बाकीच्यांना जवळच्या मध्याकडे ढकलत जाते. एसपीएसएसमध्ये सुरुवातीचे मध्य कोण होणार हे फाईलीतल्या क्रमावरही ठरतं. गट खरोखर वेगवेगळे असतील, तर क्रम बदलला तरी जवळजवळ तेच परत येतात. तुझे आले नाहीत, म्हणजे डेटा सांगतोय की तिथे स्पष्ट गट नाहीत. तू झोप घालवलीस, पण फाईल सॉर्ट करून पुन्हा चालवणं ही तू केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट होती.

त्यात तू मासिक उत्पन्न रुपयांत घातलंस आणि 'चव आवडते' वगैरे एक ते पाचच्या मापात. पद्धत अंतर मोजते. वीस हजार आणि चाळीस हजार यांतलं अंतर वीस हजार, आणि 'आवडते' आणि 'अजिबात आवडत नाही' यांतलं अंतर चार. मग गट कशावरून पडणार? उत्पन्नावरून. चवीला तिथे कुणी विचारलंच नाही. सगळी मापं आधी प्रमाणित करावी, म्हणजे एकाच पट्टीवर आणावी लागतात. आणि चार गट आले, कारण चार मागितलेस. सात मागितले असतेस तर सात आले असते. ही पद्धत कधीच नाही म्हणत नाही. खरं सांगायचं तर तुला तिची गरजही नाही. तुझा गट आधीच ठरलेला आहे, महिन्यातून एकदा घेणारे ते. तो वागणुकीवरून ठरलाय, हे उत्तमच. आता त्याचं वर्णन करायचं, त्यासाठी क्रॉसटॅब पुरे. सरांना चित्रच हवं असेल, तर चेड नावाची झाडासारखी फांद्या काढणारी पद्धत दाखव, ती 'नियमित की नाही' यावरूनच माणसं विभागते. पण एसपीएसएसमध्ये, तू मुद्दाम बदलला नाहीस तर, तिचा अंगचाच नियम आहे की शंभराहून लहान फांदी पुढे फोडायची नाही आणि नव्या फांदीत पन्नास तरी माणसं हवीत. सहाशे फॉर्मांत दोन-तीन फांद्यांवर झाड थांबेल. थांबू दे.

सरांनी 'जनगणनेप्रमाणे वेट लाव', म्हणजे काही फॉर्मांना जास्त आणि काहींना कमी वजन दे, असंही सुचवलंय. लावू नकोस. स्टॉलवर जे कधी फिरकलेच नाहीत, त्यांना वेट लावून आणता येत नाही. शिवाय एसपीएसएसचं साधं 'वेट बाय' वेटला डोक्यांची संख्या समजतं. ६०० माणसांना वेट लावून सहा लाख केलंस, तर सॉफ्टवेअरला खरंच सहा लाख फॉर्म वाटतात आणि तक्त्यातलं प्रत्येक घर महत्त्वाचं ठरतं.

सरांकडे कागद एकच ने. चार रकाने: गट, सगळ्यांत किती, नियमित ग्राहकांत किती, इंडेक्स. प्रत्येक टक्क्याशेजारी माणसांचा आकडा. 'तुमचं चुकलं' म्हणू नकोस. म्हण, 'सर, २५ ते ३५ चे आपल्याला जास्त दिसतात, कारण आपण त्यांनाच जास्त विचारलं.' मग म्हण, 'पाकिटं छापायच्या आधी दुकानांबाहेर पन्नाशीपुढच्या साठ-सत्तर जणांना विचारून येऊ का?' दोन मुली, चार संध्याकाळी. नव्या पाकिटांच्या छपाईपुढे हा खर्च काहीच नाही. जिथे जाल तिथे दर पाचव्या माणसाला थांबवा, ओळखीचा चेहरा बघून नको.

सॉफ्टवेअरची मुदत संपू दे. पीएसपीपी हे एसपीएसएससारखंच सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तुझी एसपीएसएसची .एसएव्ही फाईल तशीच उघडतं, क्रॉसटॅब देतं. झाडाची पद्धत त्यात नाही. पुढे आर ही आकडेवारीची संगणकभाषा शिकलीस तर उत्तम. त्यात सर्व्हे नावाचं पॅकेज आहे, ते वेटला वेटसारखंच वागवतं.

फोन नंबरांचा रकाना मात्र विश्लेषणाच्या फाईलीतून आजच काढ आणि वेगळ्या फाईलीत कुलूपबंद ठेव. पन्नाशीपुढच्यांचे नंबर काढून व्हॉट्सॲपवर जाहिराती पाठवायचा विचार सरांच्या मनात येणार, मला खात्री आहे. फॉर्मवर 'माहिती फक्त सर्व्हेसाठी' असं छापलंय ना? मग नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय, आणि कायदा नसता तरीही नाही.

— काकू

ता. क.: तुझ्या फाईलीत मालाची नावं 'Hkkt.kh'सारखी रोमन अक्षरांची खिचडी होऊन दिसतात, ती जुन्या फॉन्टमध्ये टाईप केल्यामुळे. एसपीएसएसचा त्यात दोष नाही. नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाईप कर, व्हॅल्यू लेबलमध्ये एकदाच घाल आणि डेटाच्या रकान्यात १, २, ३ असे कोडच ठेव. तुझ्या फाईलीत सांडगे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेत आणि एसपीएसएसने ते तीन वेगळे पदार्थ धरलेत.